गावठी भाटीला झालेला झुपकेदार बोका: त्याची जात कोणती, आणि अशी मांजरं मुळात आली कुठून

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. त्यांच्या घरची साधी पट्टेरी भाटी गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास कुटाराच्या गंजीत व्याली. चार पिल्लं झाली. तीन आईसारखी गुळगुळीत, चौथं मात्र उमललेल्या बोंडासारखं फुगीर. ते पिल्लू आता चौदा महिन्यांचा बोका झालं आहे. धान्याच्या काट्यावर पाच किलो दोनशे ग्रॅम भरला, शेपटी झाडूएवढी, कानांतून केसांचे झुपके बाहेर आलेले. नागपूरचा एक मुलगा त्याला ‘मेन कून’ म्हणतो आणि वीस हजार द्यायला तयार आहे. शेजारच्या मॅडम पर्शियन म्हणतात. घरचे आबा म्हणतात, “हे रानबोक्याचं बेणं हाय, घरात ठिवू नका.” तर खरं काय, ही मोठी केसाळ मांजरं मुळात कुठली, आणि आपल्याकडच्या उन्हात हा बोका टिकेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं वर्धा-यवतमाळकडच्या गावांत जनावरांवर उपचार करतो. गायी, बैल, शेळ्या हेच मुख्य काम. मांजरं दवाखान्यात येऊ लागली ती गेल्या दहा-बारा वर्षांत, आणि त्यातली केसाळ मांजरं तर अलीकडची. पण हाच प्रश्न मला आता महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. भाऊ, तुमचा बोका मेन कून नाही, पर्शियन नाही, आणि रानातलाही नाही. तो आपला गावठीच आहे. फक्त त्याला लांब केसांचं जनुक आईकडूनही मिळालं आणि बापाकडूनही.

हे समजलं की बाकीचा इतिहास आपोआप उलगडतो, म्हणून इथे थोडं थांबू. मांजराचा केस किती वाढायचा आणि कधी थांबायचा, याचा ‘आता पुरे’ हा निरोप शरीरात एक प्रथिन देतं. त्याचं जनुक एफजीएफ-५ या नावाने ओळखतात. हे जनुक बिघडलं की निरोप पोचत नाही आणि केस वाढतच राहतो. उंदरांत हा बिघाड 1994 साली सापडला, पुढे कुत्र्यांत, आणि 2007 साली मांजरांत. मांजरांत तर या एकाच जनुकाचे चार वेगवेगळे बिघाड मिळाले. त्यातला एक जवळजवळ सगळ्या केसाळ जातींत आहे. दुसरा नॉर्वेच्या मांजरांत, बाकीचे मेन कून आणि रॅगडॉल यांच्यात दिसले. म्हणजे लांब केस जगात एकदाच नाही, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी उगवले.

हे जनुक अप्रभावी आहे. एकाच बाजूने आलं तर मांजर आखूड केसांचंच दिसतं, पण ते जनुक पोटात बाळगून असतं. अशी दोन मांजरं एकत्र आली की सरासरी चारात एक पिल्लू केसाळ निघतं. तुमचं गणित बघा: चार पिल्लं, एक केसाळ. तुमच्या भाटीच्या आजीला कधीतरी तालुक्याच्या गावात कुणाचा पाळलेला किंवा सोडून दिलेला केसाळ बोका भेटला असेल. दोन पिढ्या ते जनुक कुटाराच्या गंजीत, धान्याच्या कोठारात गुपचूप फिरलं आणि आता वर आलं. शिवाय एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही लक्षात असू द्या.

आबांचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. असाच अंदाज एका मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाने बांधला होता. पीटर सायमन पॅलास यांनी 1776 साली मध्य आशियातल्या एका झिपऱ्या रानमांजराचं वर्णन केलं, आणि पर्शियन मांजराचे केस याच रानमांजराकडून आले असावेत असं त्यांना वाटलं. पुढे ते चूक ठरलं. आपल्याकडचं रानमांजर तर आखूड केसांचं. पाय उंच, शेपटी तोकडी, टोकाकडे काळी वळी, कानाच्या टोकाला बारीकसा काळा तुरा. पऱ्हाटीच्या शेतात, नाल्याच्या काठाने उंदीर धरत फिरताना तुम्ही पाहिलंच असेल. त्याच्याकडून जे जनुक येईल ते आखूड केसांचं, आणि आखूड केसच वरचढ ठरतात. म्हणजे तुमचा बोका खरंच त्याचा असता, तर केसाळ झालाच नसता. आबांना एवढंच सांगा: हा केसाळ आहे, हाच तो रानातला नसल्याचा पुरावा.

जगातली सगळी घरची मांजरं, तुमची भाटी धरून, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका लहानशा, आखूड केसांच्या रानमांजरापासून आली. माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वी एका माणसाला पुरलं, त्याच्या शेजारी एक मांजरही पुरलेलं सापडलं आहे. त्या बेटावर मांजरं मुळात नव्हती, म्हणजे कुणीतरी ते नावेतून नेलं. केस तेव्हा आखूडच होते. लांब केसांचा बिघाड नंतरचा. गरम मुलखात असलं पिल्लू निघालं तरी त्याचं जगणं अवघड. पण जिथे हिवाळ्यात हाडं गोठतात, तिथे तोच बिघाड वरदान ठरला. अशी ठिकाणं मुख्यतः दोन: एक तुर्कस्तान-इराणचं उंच पठार, दुसरं उत्तरेकडचा बर्फाळ पट्टा.

आधी पठाराकडे. पिएत्रो देल्ला वाले नावाचा एक इटालियन प्रवासी 1614 साली निघाला, तुर्कस्तान-इराण फिरत पुढे आपल्या सुरत-गोव्यापर्यंत आला. वाटेत बायको वारली तर तिचं शव मसाले भरून सोबत घेऊन फिरत राहिला, इतका हट्टी माणूस. 1620 च्या सुमारास त्याने इराणमधून लिहिलं की खोरासान प्रांतात एक जातीचं मांजर आहे, रंग राखाडी, केस रेशमासारखे आणि लांब, आणि ते खारीसारखी शेपटी पाठीवर टाकतं. ती मांजरं रोमला नेऊन तिथे वाढवायचा त्याचा विचार होता. पर्शियन नावाची पाळंमुळं इथे. त्याच काळात फ्रान्समधल्या पेरेस्क नावाच्या विद्वानाने अंकाराकडची पांढरी केसाळ मांजरं मिळवली. अंकाराचं जुनं नाव अंगोरा. त्या पठारावरची बकरीही लांब केसांची, तिच्यापासून मोहेर नावाची लोकर मिळते. अंगोरा मांजराचे केस मात्र पातळ, सुळसुळीत, आतला मऊ लोकरीचा थर जवळजवळ नाही. पूर्व तुर्कस्तानातल्या वान सरोवराकाठचं वान मांजरही तसंच. हिवाळ्यात भरगच्च, आणि उन्हाळा लागला की अंगावरचे केस झाडून टाकून शेपटीपुरतं केसाळ राहतं. मला जगातल्या केसाळ मांजरांत हे सर्वांत शहाणं वाटतं. त्याने हवेप्रमाणे कपडे बदलायचं सोडलं नाही.

दोनेकशे वर्षं ही मांजरं युरोपात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहिली. 13 जुलै 1871 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि तिथून सगळं बदललं. शंकरपटात बैल जसे पारखतात तसं आता मांजर पारखलं जाऊ लागलं: डोकं कसं हवं, रंग कोणता, शेपटी किती, याचे नियम झाले, वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. आज आपण ज्याला ‘जात’ म्हणतो ती अशी कागदावर जन्मली. व्हिक्टोरिया राणीने निळसर राखाडी पर्शियन पाळल्या, मग काय, सगळ्यांना त्याच हव्या झाल्या. अंगोराची सरमिसळ पर्शियनमध्ये इतकी झाली की युरोपात ती वेगळी उरलीच नाही. शेवटी अंकाराच्या प्राणिसंग्रहालयाने जपलेल्या मांजरांतून ती पुढे आली, आणि 1962 साली एक जोडी अमेरिकेला गेली.

यातली सर्वांत मोठी गंमत 2008 साली उघडकीला आली. वेगवेगळ्या जातींची आणि देशोदेशीच्या गल्लीतल्या मांजरांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा आजची पर्शियन इराणच्या मांजरांच्या जवळ नव्हतीच. ती पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या रांगेत बसली. दीडशे वर्षं इंग्लंड-अमेरिकेत तिथल्याच मांजरांशी जोड्या लावून नाव तेवढं पर्शियाचं राहिलं. नावावर जाऊ नये, हे हिमालयन मांजरावरूनही कळतं. ती आपल्या हिमालयातली नाही. 1930 च्या दशकात अमेरिकेत पर्शियन आणि सयामी यांचा संकर करून ती तयार केली, आणि नाव दिलं ‘हिमालयन’ नावाच्या सशाच्या रंगावरून. तिचं तोंड, कान, पाय, शेपटी काळपट आणि बाकी अंग फिकट असतं, कारण तिचा काळा रंग थंड जागीच उतरतो. अशा एका मांजरीच्या पोटाचं ऑपरेशन मी डिसेंबरात केलं होतं. भादरलेल्या जागी केस परत आले ते काळे. मालकीणबाई घाबरून आल्या, जखम सडली की काय म्हणून. पुढच्या मोसमात केस गळून पुन्हा फिकट आले.

आता उत्तरेकडे. तुमच्या बोक्याला ज्यांचं नाव लागलं ती मांजरं इथली. नॉर्वेत त्यांना स्कोगकात, म्हणजे जंगलातलं मांजर, म्हणतात. नाव जंगलाचं असलं तरी ती शेतकऱ्यांच्या कोठ्यातलीच, तुमच्या भाटीसारखी उंदरांवर जगलेली. तिथल्या जुन्या कथांत फ्रेया देवीचा रथ दोन मांजरं ओढतात, आणि लोकांनी हौसेने ती हीच असं ठरवून टाकलं आहे. कथेत केसांचा उल्लेख नाही, पण त्या देशात मांजराचा मान किती जुना आहे ते कळतं. अंगावर दोन थर असतात: बाहेरचा तेलकट, पाणी झटकून टाकणारा, आत दाट लोकर. पंज्यांच्या बोटांमधून केस येतात, म्हणजे बर्फावर चालायला वहाणाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही मांजरं साध्या मांजरांत मिसळून संपत आली होती. मग तिथल्या लोकांनी मनावर घेतलं, गावोगावची राहिलेली निवडून जपली, आणि 1977 साली तिला जात म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. राजा ओलाव पाचवे यांनी तिला देशाचं मांजर म्हटलं. सैबेरियन मांजराची कथा थोडीफार अशीच. फक्त रशियाबाहेर ती फार उशिरा गेली, अमेरिकेत पोचायला 1990 साल उजाडलं.

मेन कून अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातलं. किनाऱ्याचा, जहाजांचा मुलूख, आणि हिवाळा भयंकर. तिच्याबद्दल जितक्या दंतकथा आहेत तितक्या कुठल्याच मांजराबद्दल नसतील. कुणी म्हणतं रकून नावाच्या पट्टेरी शेपटीच्या प्राण्यापासून झाली, म्हणून ‘कून’. तसा संकर होऊच शकत नाही. कुणी म्हणतं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत पळून जाणार होती, तिची मांजरं जहाजातून पुढे मेनला पोचली. खरी गोष्ट यापेक्षा साधी आहे आणि मला जास्त आवडते. उंदरांसाठी प्रत्येक जहाजावर मांजर असायचं. युरोपातून आलेली, त्यात काही केसाळ, बंदरात उतरली, तिथल्या शेतांवर राहिली. जी लहान आणि उघडी होती ती हिवाळ्यात मेली, मोठी आणि केसाळ टिकली. कुणी निवड केली नाही, थंडीने केली. 1895 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या मोठ्या प्रदर्शनात पहिली आली ती कोझी नावाची तपकिरी पट्टेरी मेन कून मांजरी. त्यानंतर पर्शियनची लाट आली आणि शेतकऱ्यांच्या या मांजराला शहरात कुणी विचारेना. 1959 साली तर ती नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि ते चुकीचं होतं: मेनच्या शेतांवर ती उंदीर मारत होतीच. 1985 साली ती त्या राज्याची अधिकृत मांजर झाली.

खरा मेन कून बोका सहा ते आठ किलो, कधी वरही, आणि पूर्ण वाढायला तीन ते पाच वर्षं घेतो. स्टुई नावाचा बोका नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 123 सेंटिमीटर मोजला गेला होता. तोंड लांबट आणि चौकोनी, हनुवटी भक्कम. तुमच्या बोक्याला एकदा अंगावर पाणी घालून भिजवा, आत नेहमीचा गावठी बोका दिसेल, जरा धष्टपुष्ट इतकंच. कानातले झुपके हे जातीचं लक्षण नाही. सगळेच केस लांब असले की कानातलेही लांब होतात.

रॅगडॉलचं फक्त नाव घेतो: 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात ॲन बेकर यांनी जोसेफीन नावाच्या एका पांढऱ्या केसाळ मांजरीपासून ती वाढवली. आपल्याकडे ती क्वचितच दिसते.

आता आपल्या उन्हाचं. लोक केसांना घाबरतात. मी नाकाला घाबरतो. मांजराला घाम येतो तो फक्त पंज्यांना. बाकी अंग ते जिभेने ओलं करून थंड करतं, आणि अगदी टोकाला आलं की तोंड उघडून धापा टाकतं. पर्शियनचं तोंड प्रदर्शनांच्या नादात पिढ्यान्‌पिढ्या चपटं करत नेलं, श्वासाची वाटच आखूड झाली. बाजारात ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ अशा चढत्या भावाने विकतात. जितकं चपटं तितकं महाग, आणि आपल्या भागात तितकं धोक्याचं. काही वर्षांपूर्वी नवतप्यात एका लग्नघरी पाहुण्यांनी मुंबईहून आणलेली पंच फेस मांजरी दुपारी दोन वाजता माझ्याकडे आली. गावात लाईन गेली, कूलर बंद पडला, पत्र्याच्या खोलीत तिला कोंडलेलं. जीभ वांग्याच्या रंगाची झालेली, थर्मामीटरवर 107 फॅरेनहाइट. निरोगी मांजराचं 100.5 ते 102.5 असतं. साधं पाणी ओतलं, पंखा लावला, सलाईन दिलं. पाऊण तासाने गेली. ती मुलगी तिला मांडीवर घेऊन बसली होती, तिला उठवायला कुणाचा हात धजेना.

तुमच्या बोक्याचं नाक लांब आहे, तो इथेच जन्मला आहे, एक उन्हाळा काढून बसला आहे. तो टिकेल. मातीची ओसरी, रांजणाखालची ओली जागा, झाडाखाली भिजवलेलं गोणपाट, एवढं त्याला पुरतं. पत्र्याच्या खोलीत कोंडू नका. अंगाचे केस मुळापासून भादरू नका, कातडी उन्हाने भाजते. फाल्गुनात आतले केस सुटू लागतात तेव्हा रोज विंचरा. तोंड उघडून धापा टाकताना दिसला तर वाट बघू नका: साध्या पाण्याने ओला करा, बर्फ नको, वारा घाला आणि दवाखाना गाठा. आणि अंग तापलं म्हणून घरातली तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीने मेलेली मांजरं मी पाहिली आहेत.

विकण्याबद्दल. तो मुलगा प्रामाणिकपणे घेत असेल, पण मेन कून म्हणून घेत असेल तर त्याला आधी खरं सांगा. मेन कून म्हणजे वंशावळीचा कागद, तो तुमच्याकडे नाही. आणि कागदाची मांजरं निर्धोक असतात असंही नाही. मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड करणारं जनुक 2005 साली सापडलं. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी करणारं 2004 साली, आणि तपासलेल्या पर्शियनांत जवळपास तिसरा हिस्सा त्याने ग्रासलेला निघाला. तुमच्या बोक्यात गावभरच्या मांजरांचं रक्त आहे, ही त्याची जमेची बाजू. ठेवणार असाल तर नसबंदी करून घ्या, रेबीजची लस द्या. तो फिरायला लागला की पुढच्या पोळ्याला आणखी केसाळ पिल्लं कुटारात निघतील आणि त्यांना घर शोधत बसावं लागेल.

एक काम मात्र उन्हाळ्याची वाट न बघता आजच करा. सध्या कुसळीचे आणि गोखरूचे दिवस आहेत. मागच्या आठवड्यात अशाच एका केसाळ मांजरीच्या काखेतून मी तळहाताएवढा नमदा कापून काढला. केस, माती, कुसळ एकत्र दाबून झालेला, आत एक गोखरू कातडीत रुतलेलं, आणि खाली अळ्या. वरून काहीच दिसत नव्हतं, मांजरी जरा लंगडत होती एवढंच. म्हणून संध्याकाळी बोका जेवून सुस्त झाला की मांडीवर उताणा घ्या, काखा, जांघा, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात बोटांनी चाचपून बघा. गाठ लागली तर ती वर ओढून कात्रीने कापू नका, गाठीबरोबर पातळ कातडी वर येते आणि तीच कापली जाते. बारीक कंगवा गाठीच्या खाली, कातडीला लागून सरकवा आणि कंगव्याच्या वरचे केस कापा. हात बसत नसेल तर घेऊन या.